फोटोवरचा हात आणि फोटोखालची ओळ

अक्कलकोट सोलापूरपासून चाळीसएक किलोमीटरवर आहे. तिथल्या स्वामी समर्थांची छबी सोलापुरात रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यामागे आणि देव्हाऱ्यात दिसते, आणि दर वर्षी नव्या दिनदर्शिकेवरही येते. या असंख्य रंगीत छब्यांच्या मुळाशी स्वामींच्या हयातीतले म्हणून ओळखले जाणारे मोजके कृष्णधवल फोटो आहेत. चित्रकारांनी त्यांवर रंग चढवले, अंगकांती उजळली, मस्तकामागे प्रभावळ काढली. या फोटोंबरोबर भक्तमंडळींत एक कथाही हौसेने सांगितली जाते: कोडॅक कंपनीच्या माणसाने स्वामींचा फोटो काढला होता. स्वामींनी ३० एप्रिल १८७८ रोजी देह ठेवला. त्या वर्षी कोडॅकचा संस्थापक जॉर्ज ईस्टमन अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात एका बँकेत कारकून होता आणि नुकताच फोटोग्राफीच्या नादी लागला होता. त्याची कोरड्या काचा बनवणारी कंपनी १८८१ सालची, आणि ‘कोडॅक’ हे नाव बाजारात आले १८८८ साली. कथा तारखांपुढे टिकत नाही. मग या सगळ्यात खोटे नेमके काय? चिकित्सक वाचक आधी प्रभावळीकडे बोट दाखवील. पण प्रभावळीने आजवर कोणाला फसवलेले नाही; ती कुंचल्याने काढली आहे हे नमस्कार करणाऱ्यालाही ठाऊक असते. फसवले ते फोटोसोबत सांगितल्या जाणाऱ्या त्या एका ओळीने. या लेखाचे म्हणणे इथूनच सुरू होते. जुन्या फोटोंवर कलाकारांनी फिरवलेला हात म्हणजे सरसकट बनावट, हा आजचा समज चुकीचा आहे. फोटो खरा की खोटा हे ठरवताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्याच्यासोबत कोणता दावा केला गेला, आणि ज्याचा तो फोटो त्याची त्या फेरफाराला संमती होती का.

आधी त्या समजाची पाळेमुळे पाहू. आपण गृहीत धरतो की कॅमेऱ्याने सत्य टिपले आणि नंतर माणसाने ते बिघडवले. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोग्राफीच्या रसायनशास्त्राला हा क्रम मान्य नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली ओल्या काचेची पद्धत जाहीर केली आणि पुढची पंचवीसएक वर्षे जगभर तीच चालली. कलोडियन नावाचे चिकट द्रावण काचेवर ओतायचे, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधीच धुऊन फोटो पक्का करायचा. सोलापूरसारख्या रणरणत्या मुलखात कलोडियनमधला ईथर झपाट्याने उडून जातो, त्यामुळे एवढे सगळे मोजक्या मिनिटांत उरकावे लागे. पण घाईपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. ही काच निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश तेवढा ओळखायची. लाल, केशरी आणि पिवळा तिला जवळजवळ दिसतच नसत. निळे आकाश म्हणून पांढरेफटक उमटे, ढग त्यात विरून जात. लाल पागोटे काळे पडे. भगवी छाटी काळपट दिसे. हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल हे दोन रंग आपल्याकडे कधीच एक मानले जात नाहीत, पण काचेच्या लेखी दोन्ही अंधाराचेच प्रकार होते. रंगकाम आणि विणकाम यांवर ज्या शहराचे पोट चालले, त्या शहरातल्या लुगड्यांचे निम्मे रंग या काचेपुढे मुके होते.

चेहऱ्याच्या बाबतीत ही रंगांधता अधिक गंभीर ठरे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत लाल-पिवळ्या छटांचा वाटा मोठा असतो. ओल्या काचेवर अशी त्वचा प्रत्यक्षापेक्षा बरीच गडद येते, डोळ्यांखालची आणि नाकाच्या कडेची सावली खोल जाते, लालसर डाग आणि पुटकुळ्या काळ्या ठिपक्यांसारख्या ठळक होतात. हे दोष यथावकाश शास्त्रानेही मान्य केले. हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ साली दाखवून दिले, की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर तिला हिरव्या-पिवळ्या छटाही कळू लागतात. लालसह सगळे रंग पकडणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले. तोवर, म्हणजे फोटोग्राफी जन्मल्यापासून सदुसष्ट वर्षे, ‘जसाच्या तसा’ फोटो ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. माणसाच्या डोळ्याला दिसणारा चेहरा आणि काचेवर उतरलेला चेहरा यांत अंतर होते. ते अंतर भरून काढणारा कारागीर सत्यात भेसळ करत होता, असे म्हणण्याआधी हे ध्यानात घेतले पाहिजे की अस्सल मालच अपुरा होता. हात न लावलेला फोटो हासुद्धा एक विपर्यासच होता, आणि तो मानवी लबाडीतून न येता चांदीच्या क्षारांच्या स्वभावातून येत असल्यामुळे आपल्याला प्रामाणिक वाटतो, इतकेच.

ही दुरुस्ती कशी होत असे हे समजून घेतल्याशिवाय तिच्याबद्दल न्याय करता येणार नाही. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगलने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात निगेटिव्हवरच केलेले रिटचिंग मांडले आणि तेव्हापासून हे काम हळूहळू स्वतंत्र पेशा बनले. रिटचरसमोर उतरते लाकडी डेस्क असे, त्याच्या मध्यभागी खिडकीवजा चौकट, तिच्यात दुधी काच आणि खाली प्रकाश वर फेकणारा आरसा. निगेटिव्हची काच त्या चौकटीवर ठेवून तिच्या पृष्ठभागावर राळेचे पातळ द्रावण चोळत, म्हणजे पेन्सिल घसरत नसे. मग सुईसारखे लांब टोक काढलेल्या कडक पेन्सिलीने बारीक ठिपके, स्वल्पविरामासारख्या रेघा आणि जाळीदार फटकारे. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधार उलटे असल्याने, जिथे पेन्सिल लागे तो भाग छापील फोटोत उजळ होई. सुरकुती पुसायची तर तिच्या पारदर्शक रेषेत पेन्सिल भरायची. उलट एखादा भाग गडद करायचा असेल तर धारदार पात्याने काचेवरचा चांदीचा थर खरवडावा लागे. खरवडणे जोखमीचे, कारण एक चूक झाली की काच वाया. पेन्सिल मात्र पुसून पुन्हा लावता येई. या साध्या फरकाचा परिणाम दूरवर गेला. अवजारालाच एक कल होता: उजळणे सोपे आणि काळे करणे अवघड. गोरेपणाच्या आपल्या हव्यासाला या कलाची आयती साथ मिळाली. हा मुद्दा पुढे आक्षेप म्हणून येणारच आहे, म्हणून त्याची नोंद इथे करून ठेवू.

छापल्यानंतर कागदावरही काम होई, आणि भारतात ते विशेष बहरले. राजदरबारांचा आश्रय आटत चालला तशी लघुचित्रे रंगवणारी मंडळी स्टुडिओंकडे वळली. फिकट छापलेल्या फोटोवर जलरंग किंवा तैलरंग चढवून मूळ छाप जवळपास झाकून टाकणारी पोर्ट्रेट राजस्थानपासून इंदूरपर्यंत तयार होऊ लागली. नाथद्वाऱ्यात तर यात्रेकरूंच्या चेहऱ्यांचे फोटो कापून श्रीनाथजींच्या पूजेच्या रंगवलेल्या चित्रात चिकटवत. चेहरा फोटोचा, हात, अंगरखा आणि आरतीचे तबक मात्र कुंचल्याचे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा प्रेस काढला तो स्वामींनी देह ठेवला त्याच, म्हणजे १८७८ साली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ चा. त्याच छापखान्याच्या कामात पुढे हात घातलेले दादासाहेब फाळके स्वतः चित्रकलेचे विद्यार्थी, गोध्र्यात स्टुडिओ चालवलेले फोटोग्राफर आणि पुरातत्त्व खात्यातले ड्राफ्ट्समन, असे सगळेच होते. एकाच माणसाच्या हातात कॅमेरा आणि कुंचला दोन्ही असताना फोटो कुठे संपतो आणि चित्र कुठे सुरू होते, हा प्रश्न त्या काळच्या गिऱ्हाइकाला पडतच नसे. वर्तमानपत्रांची गोष्टही वेगळी नव्हती. फोटो ठिपक्यांत फोडून छापण्याचे हाफटोन तंत्र रुळेपर्यंत छापील पानावरचा ‘फोटोवरून घेतलेला’ चेहरा कोरक्याने लाकडावर किंवा चित्रकाराने दगडावर पुन्हा काढलेलाच असे.

इथे काही अभ्यासक सांस्कृतिक स्पष्टीकरण पुढे करतात. अमेरिकन लेखिका ज्युडिथ मारा गटमन यांनी १९८२ सालच्या ‘थ्रू इंडियन आइज’ या पुस्तकात असे मांडले, की भारतीयांची अवकाशाची कल्पनाच पाश्चात्त्यांपेक्षा वेगळी, म्हणून त्यांनी फोटो रंगवून सपाट आणि शोभिवंत केला. हे म्हणणे ऐकायला गौरवाचे आहे, पण पुराव्याला पटत नाही. स्वित्झर्लंडचा योहान इझेनरिंग १८४० च्या आसपासच फोटोंवर रंग चढवत होता. निगेटिव्ह रिटचिंग म्युनिकहून जगभर पसरले. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या ऑस्कर रेलँडरने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य नीतिबोधपर चित्र तयार केले, आणि फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका काचेवरून तर ढग दुसऱ्या काचेवरून छापत होता. त्याचे कारणही तेच, निळे आकाश काचेवर कोरेच राही. म्हणजे फोटोवर हात फिरवणे ही भारतीय मनाची खासियत नव्हती, ती त्या यंत्राची सार्वत्रिक गरज होती. भारतीयांचे स्वतःचे असे जे काही होते ते शैलीत होते, जरीकाठ रंगवण्यात आणि दागिन्याचा प्रत्येक मणी उठावदार करण्यात होते. गरज आणि शैली यांची गल्लत केली की एक तर आपण आपल्या जुन्या फोटोंना अडाणी समजतो, नाही तर अद्भुत. दोन्ही चुकीचे.

दाव्याचा मुद्दा पक्का करण्यासाठी महाराष्ट्रातलेच एक ठळक उदाहरण घेतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. नारायण दाजींसारखे एतद्देशीय फोटोग्राफर त्या काळात नावारूपाला आले. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन याने ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स’ या मालिकेचे दोन खंड काढले, पहिला १८६३ चा आणि महाराष्ट्रावरचा दुसरा १८६६ चा. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींची ओळख करून देण्याचा या पुस्तकांचा आव होता. पण त्यांतली बरीच चित्रे जोडकाम आहेत. माणसांचे गट एकीकडे टिपले, पार्श्वभूमीची मंदिरे, घाट आणि झाडी दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र छापून जणू ती माणसे तिथेच उभी होती असे दाखवले. तंत्र म्हणून पाहिले तर नाथद्वाऱ्यातल्या यात्रेकरूच्या चित्रात आणि यात फरक काही नाही. दोन्हीकडे कात्री चालली, दोन्हीकडे माणूस एकीकडचा आणि जागा दुसरीकडची. तरीही एकाला आपण भक्तिचित्र म्हणतो आणि दुसऱ्याला खोटा पुरावा म्हणायला हवे. कारण यात्रेकरूने पैसे देऊन, आपल्या इच्छेने, देवासमोरची आपली जागा रंगवून घेतली होती. चित्र पाहणाऱ्यालाही ते रंगवलेले आहे हे कळत होते. जॉन्सनच्या पानांवरची माणसे मात्र अमुक जातीचे नमुने म्हणून छापली गेली. आपल्याला कुठे उभे केले जाणार आणि खाली काय मजकूर येणार हे त्यांच्या हातात नव्हते, आणि वाचकाला ते जोडकाम वास्तव म्हणून विकले गेले. लबाडी कात्रीत नव्हती, ‘हे लोक असे असतात’ या वाक्यात होती. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या सरकारी ‘पीपल ऑफ इंडिया’ने तर जोडकामाशिवायही तेच साधले. तिथे चित्रांपेक्षा त्यांच्यासोबतचे मजकूरच माणसांना साच्यात बसवत होते.

दावा आणि संमती यांच्या या कसोटीविरुद्ध पहिला आक्षेप तात्त्विक आहे, आणि तो वजनदार आहे. फोटोचे मोल सादृश्यात नाही, स्पर्शात आहे. चित्र कितीही हुबेहूब असले तरी ते चित्रकाराच्या मनातून आलेले असते. फोटोत मात्र त्या माणसाच्या अंगावरून परतलेला उजेड प्रत्यक्ष काचेवर पडलेला असतो. रंगाचा थर चढला की ही साखळी तुटते, मग उरते ते नुसते चित्र. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. साखळी मोलाची आहे, पण हाताने ती तुटतेच असे नाही. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली तरी तिच्याखालचा चांदीचा थर तसाच असतो. काच तिरक्या उजेडात धरली की पेन्सिलीच्या रेघा वेगळ्या चमकतात आणि कुठे किती काम झाले ते उघड होते. रंगवलेल्या पोर्ट्रेटमध्येही चेहऱ्याची मापे, डोळ्यांतले अंतर, कानाची ठेवण ही छापेतून आलेली असते आणि चित्रकार बहुधा तिला धक्का लावत नाही, कारण ओळख पटली नाही तर गिऱ्हाईक चित्र परत करील. शिवाय हा आक्षेप घेणारे विसरतात की स्पर्शाची ही साखळी कॅमेऱ्यातही अभंग नव्हती. सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. मागे महालाचा रंगवलेला पडदा असे, शेजारी तिपाई आणि तिच्यावर गिऱ्हाइकाने कधीही न उघडलेले पुस्तक. उजेडाने हे सारे इमानेइतबारे टिपले. उजेड प्रामाणिक असतो खरा, पण त्याच्यापुढे काय मांडायचे हे तो ठरवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. रिटचरने रंगांधतेची भरपाई केली असेल, पण तो तिथे थांबला का? काच त्वचेला प्रत्यक्षापेक्षा गडद करत होती, तेव्हा थोडे उजळणे न्याय्य होते. पण किती उजळले म्हणजे मूळ रंगावर येऊन थांबलो, हे दाखवणारी कोणतीही खूण काचेवर नव्हती. थांबण्याची जागा गिऱ्हाइकाची इच्छा, रिटचरची सवय आणि समाजाची आवड मिळून ठरवत. आपल्याकडे ती आवड कुठे झुकते हे लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. पेन्सिलीचा कल आणि समाजाचा कल एकाच दिशेचे असल्यामुळे कितीतरी सावळे पूर्वज भिंतीवर गोरे झाले. दुसरे नुकसान त्याहून सूक्ष्म आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात देवी हा घराघरांतला रोग होता. भारत देवीमुक्त जाहीर झाला तो १९७७ साली. तरीही त्या काळातल्या स्टुडिओ-पोर्ट्रेटांत देवीचे व्रण असलेले चेहरे अपेक्षेपेक्षा फार कमी भेटतात. व्रण भरून काढणे हा रिटचिंगचा पहिला धडा होता. केवळ असे फोटो पाहून इतिहास लिहिणाऱ्याला तो रोग जणू पैसेवाल्यांच्या वाट्याला आलाच नाही असे वाटू शकते. हे नुकसान खरे आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘रिटचिंग म्हणजे खोटे’ हा नाही. निष्कर्ष असा, की अशा फोटोला आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो. माणूस कसा दिसत होता याचा तो कच्चा साक्षीदार असेल, पण त्याला कसे दिसायचे होते, त्याच्या समाजाला काय लपवावेसे वाटत होते, याचा त्याहून चांगला साक्षीदार दुसरा नाही. रंगभेदाचा आणि रोगाच्या लाजेचा इतका थेट दस्तऐवज लिखित साधनांत क्वचित मिळतो. तो वाचायचा तर पेन्सिलीच्या रेघा पुसून चालणार नाही, त्या मोजाव्या लागतील.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. फोटोतल्या फेरफाराला एवढी मोकळीक दिली तर उद्या कोणीही कोणालाही फोटोतून उडवील, त्याचे काय? सोव्हिएत रशियात हे घडलेच. १९३७ साली मॉस्को-व्होल्गा कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारी चालणारा त्याचा गुप्त पोलीसप्रमुख निकोलाय येझोव्ह १९४० साली गोळी घातल्यानंतर त्या फोटोतूनही नाहीसा झाला आणि त्याच्या जागी पाणी आले. माझ्या कसोटीवर हा फोटो ठार खोटा आहे आणि त्याला सूट नाही. पाहणाऱ्याला तो अस्सल म्हणून दिला गेला आणि ज्याला पुसले त्याची संमती घेण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ही कसोटी मोकळीक देत नाही, उलट ती तंत्रावरचा डोळा हटवून जबाबदारीवर रोखते. पण याहून अवघड उदाहरण आपल्या घरातले आहे. भगतसिंगांचा फेल्ट हॅट घातलेला फोटो दिल्लीतल्या एका स्टुडिओत एप्रिल १९२९ मध्ये, सेंट्रल असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या थोडे आधी, काढलेला आहे. हॅट घालून जगापुढे यायचे हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता. नंतरच्या चित्रकारांनी त्याच चेहऱ्यावर पिवळा फेटा चढवला. फेटा चढवणाऱ्यांचा हेतू आदराचा होता, आणि चित्र म्हणून त्याला कोणी हरकत घेऊ नये. पण तीच प्रतिमा जेव्हा ‘भगतसिंगांचा फोटो’ म्हणून पाठ्यपुस्तकात किंवा कार्यालयाच्या भिंतीवर लागते, तेव्हा एका माणसाने विचारपूर्वक निवडलेले आपले रूप त्याच्या मागे बदलले जाते. आदरसुद्धा संमतीची जागा घेऊ शकत नाही.

हा मुद्दा सोलापूरला परका नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांच्या आधी दहा आठवडे. आज बहुतेक सोलापूरकरांना या चौघांचे चेहरे ठाऊक आहेत ते चौकातल्या पुतळ्यांमुळे आणि दर जानेवारीत लागणाऱ्या फलकांमुळे. पुतळा हा तर फेरफाराचा शेवटचा टप्पा, तिथे उजेडाची छाप औषधालाही उरत नाही. त्याला कोणी खोटा म्हणत नाही, कारण तो पुतळा आहे हे त्याच्याकडे पाहताच कळते. फलकांवरच्या प्रतिमांचे मात्र तसे नाही. एका फलकावरून दुसऱ्यावर जाताना चेहरे उजळत जातात, गालांवर लाली येते, टोपीची किंवा फेट्याची घडी बदलते, आणि पाचव्या पिढीतली ही नक्कल मूळ फोटो म्हणून आंतरजालावर चढते. ज्यांनी इंग्रज सरकारने सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या काळातल्या लढतीची किंमत आपल्या जिवाने मोजली, त्यांच्या चेहऱ्यांबाबत तरी मूळ छाप कोणती आणि नंतरचे रंग कोणते, एवढी नोंद ठेवणे ही शहराची जबाबदारी आहे.

घरगुती फोटोंना ही कसोटी लावली तर निकाल पुष्कळदा कारागिराच्या बाजूने लागतो. मोठ्या फ्रेममधली आजा-आजीची जोडी पुष्कळ घरांत असते, आणि अशा अनेक जोड्या कधी एकत्र कॅमेऱ्यासमोर बसल्याच नव्हत्या. आजोबांचा चेहरा एखाद्या ग्रुप फोटोतून उचललेला, आजीचा दुसऱ्याच प्रसंगातला, दोन्ही ब्रोमाइड कागदावर मोठे करून शेजारी बसवलेले, खांदे आणि पदर ब्रशने पुरे केलेले. एन्लार्जमेंट आणि फिनिशिंगचे हे काम लपूनछपून होत नसे. रंगकामाचे दर वेगळे असत, गिऱ्हाईक शर्टाऐवजी कोट सांगे, डोक्यावर पागोटे सांगे, मिटलेले डोळे उघडून मागे, आणि हे सारे ठरल्यावर बयाणा देई. ज्या फेरफाराची पावती फाडली जाते आणि जो घरातल्या सगळ्यांना माहीत असतो, त्याला फसवणूक म्हणता येत नाही. पुढे तो माहीत असणारी पिढी संपते आणि नातवंडांना ती जोडी खरोखर एकत्र बसली होती असे वाटू लागते, हे खरे. पण हा दोष त्या कारागिराचा नाही. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर चार शब्द लिहून न ठेवणाऱ्या आपलाच तो आहे.

म्हणून आजचा खरा प्रश्न जुन्या रिटचरांचा निवाडा करण्याचा नाही, त्यांच्या कामाचे आपण काय करणार हा आहे, आणि इथे आपले वागणे त्यांच्यापेक्षा वाईट आहे. फोनवरची ॲपे जुना फोटो क्षणात ‘नवा’ करून देतात. ती डाग काढतात, रंग भरतात, पुसट डोळ्यांत चमक आणतात. ते रंग कुठल्या लुगड्याचे, ती त्वचा कुठल्या माणसाची, हे यंत्राला ठाऊक नसते. लाखो अनोळखी फोटोंची सरासरी ते आपल्या आजीच्या चेहऱ्यावर लिंपते. जुना रिटचर निदान गिऱ्हाइकाला समोर बसवून विचारत होता आणि त्याची पेन्सिल तिरक्या उजेडात दिसते. या नव्या हाताची ना रेघ दिसते, ना तो कोणाला विचारतो. शिवाय फोटो साफ करताना तो रिटचरची रेघसुद्धा डाग समजून पुसून टाकतो, म्हणजे एका काळाची साक्ष दुसऱ्या काळाच्या सोयीपायी जाते. याहून ठोस नुकसान काचांचे आहे. स्टुडिओ बंद पडले की निगेटिव्हच्या काचा अडगळ ठरतात, लेप धुऊन नुसती काच म्हणून विकल्या जातात. पेन्सिलीचे काम ज्या एकाच जागी मूळ छापेपासून वेगळे पाहता येते, ती जागाच नष्ट होते.

यावर उपाय महागडा नाही. जिल्ह्यातली ग्रंथालये, संस्थानकालीन संग्रह, देवस्थाने, शाळांच्या शताब्दी स्मरणिका आणि वर्तमानपत्रांची जयंती-पुण्यतिथीची पाने यांनी प्रत्येक जुन्या फोटोखाली त्याची जात सांगावी: मूळ, दुरुस्त केलेला, रंगवलेला, जोडलेला किंवा फोटोवरून काढलेले चित्र. माहीत असेल तर साल आणि स्टुडिओ द्यावा, आणि नसेल तर कथा जोडू नये. डिजिटल दुरुस्ती करायचीच असेल तर ती वेगळ्या प्रतीवर करावी आणि जुन्या हाताचे काम स्कॅनमध्ये शाबूत ठेवावे. काचा सापडल्या तर धुण्याआधी निदान त्यांची दोन प्रकारच्या उजेडात छायाप्रत घ्यावी, एकदा पाठीमागून आणि एकदा तिरक्या उजेडात. यातल्या कशानेही कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. प्रभावळ आहे तशी राहील, जरीकाठ राहील, आजोबांचे पागोटेही राहील. बदलेल ती फक्त खालची ओळ. जुन्या कारागिरांनी आपले काम उघडपणे केले आणि त्याचे उघडपणे पैसे घेतले. ते काम अस्सल छाप म्हणून पुढे चालवले ते त्यांच्यानंतरच्यांनी, म्हणजे आपण. तेव्हा ती ओळ दुरुस्त करण्याचे कामही आपलेच आहे.